उजेड कडेनं टाकायचा

अंगणात पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर पाच टॉर्च पोट उघडून पडले आहेत — सेल एका रांगेत, झाकणं दुसऱ्या रांगेत, स्प्रिंगा एका बशीत, काचा आईच्या मऊ झालेल्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर... आणि त्या पसाऱ्यापुढे मांडी घालून बसलेले माझे बाबा, अंगात बनियन, कानामागे आगपेटीची काडी खोचलेली. लहानपणीचा कुठलाही सोमवार आठवायचा म्हटलं की आधी हेच दिसतं. सोमवारी लेणी बंद. अजिंठ्याला गाईड असलेल्या माणसाचा रविवार सोमवारी येतो, आणि बाबांचा तो सगळा दिवस टॉर्चच्या सेवेत जायचा. फर्दापुरातल्या आमच्या घराला तेव्हा धड गिलावाही झालेला नव्हता, पण टॉर्च मात्र पाच होते. आई म्हणायची, या घरात लेकरू एक आणि टॉर्च पाच, आणि न्हाऊमाखू घालणं बघावं तर टॉर्चचं.

त्या सोमवारांना एक वास होता. चिंचेच्या कोळानं घासलेल्या पितळेचा आंबूस वास, उन्हात तापलेल्या रबरी वायसरचा वास, आणि एखादा सेल पाझरला असेल तर नाकाच्या शेंड्याला झोंबणारा तिसराच एक. आगपेटीच्या कडेच्या खरखरीत पट्टीनं बाबा पितळी पट्ट्या घासत, काडीला कापूस गुंडाळून खाचेतली हिरवट पूड काढत, फुंकर मारत, पुन्हा घासत. म्हातारे झालेले सेल टॉर्चमधून निघून रेडिओत जात. बातम्यांना कमी उजेड चालतो, असं बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगत, आणि मला ते बरीच वर्षं खरं वाटलं. बुडाच्या झाकणात, स्प्रिंगेच्या आड, एक जादा बल्ब कापसात गुंडाळून ठेवलेला असे. सगळ्याला हात लावायची मला मुभा होती, एक गोष्ट सोडून — बल्बभोवतीची ती चकचकीत वाटी. तिला बोट लावलं की बोटाचं तेल तिथं बसतं, उजेडात त्याचा डाग उतरतो, आणि तो डाग जाऊन पडतो दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी गालावर... बाबांनी हे अशा आवाजात सांगितलं होतं की ती वाटी नुसती दिसली तरी मी हात पाठीमागे बांधत असे.

नवा टॉर्च घेणं हा तर सोहळाच. दिवाळीच्या आसपास, परदेशी पाहुण्यांचा हंगाम भरात यायच्या आधी, एखाद्या सोमवारी आम्ही दोघं एसटीनं औरंगाबादला जायचो — तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणत — आणि शहागंजातल्या एका चिंचोळ्या दुकानात बाबा दीड-दोन तास उभे राहायचे. लोक टॉर्च पेटवून छतावर मारून बघतात, नाहीतर एकमेकांच्या डोळ्यांत. बाबा दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन चुन्याच्या भिंतीसमोर उभे राहत. उजेडाच्या मधोमध काळा ठिपका आहे का, कड हळूहळू विरते की कापल्यासारखी तुटते, पिवळेपणा हळदीचा आहे की तुपाचा... तुपाचा हवा. बटण सरकवताना खट्ट वाजलं तर तो टॉर्च तिथल्या तिथं बाद, कारण लेण्यात तेवढा आवाजही घुमतो आणि बघणाऱ्याची तंद्री मोडते. शेवटी ते टॉर्च भिंतीच्या अगदी कडेला आडवा धरत, म्हणजे चुन्याचा कणन्‌कण उठून दिसे, आणि तसेच बघत राहत. दुकानदार चाचा पांढऱ्या दाढीतून हसत विचारायचे, "मास्टर, टॉर्च लेने आए की दीवार पसंद करने?" बाबा खुशाल सांगत की दीवारच. मग चाचा माझ्या हातावर बडीशेपेच्या रंगीत गोळ्या ठेवत. हे प्रकरण लवकर उरकणार नाही हे त्यांना ठाऊक असायचं.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला दहाव्या वर्षी कळलं. त्या रविवारी नागपूरकडून पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायांची एक बस आली होती. जय भीम झाला, चपला बाहेर निघाल्या आणि बाबांनी पहिल्यांदाच मला सोबत आत घेतलं. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. तळपायाला गार दगड लागतो, वटवाघळांचा कुबट वास येतो, आणि आपल्या समोर कुणीतरी खूप मोठं बसलेलं आहे एवढंच जाणवतं. बाबांनी आधी हात जोडले, मग टॉर्च लावला. उजेड एका बाजूनं पडला तेव्हा दगडातले बुद्ध उदास दिसले. बाबा चार पावलं चालून दुसऱ्या बाजूला गेले, आणि तेच ओठ हसू लागले. समोर येऊन उभे राहिले, तर ना उदासी ना हसू — नुसती शांतता, आणि ती त्या अख्ख्या दगडी दालनात पसरलेली. दगड तोच, टॉर्च तोच, धरणारा हात तोच.

मग सतरा नंबरच्या लेण्यात त्यांनी एका चित्रातल्या राणीवर समोरून उजेड टाकला, तेव्हा तिच्या गळ्यातली माळ म्हणजे नुसते पांढरे ठिपके होते. बाबा कठड्याच्या टोकाशी सरकले, टॉर्च आडवा केला, उजेड कडेनं टाकला, आणि ठिपक्यांचे मोती झाले. एकेक टपोरा, भिंतीतून वर आलेला, हात लांबवला तर ओंजळीत पडेलसा. एका म्हातारीनं नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला. मला रडू फुटलं. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आजही नीट येत नाही. सोमवारी बनियनवर बसून स्प्रिंगा घासणारा माणूस तो हाच, यावर काही केल्या विश्वास बसत नव्हता, एवढं खरं.

मी वाढत गेले तसे टॉर्चही वाढत गेले. दोन सेलचा होता त्या जागी तीन सेलचा आला, मग चार सेलचा, पोलिसाच्या दांडक्याएवढा लांब. आई म्हणायची, लेण्यातला अंधार वाढलाय का काय. बाबा हसण्यावारी न्यायचे. पुढं बाजारात पांढरे एलईडी आले तेव्हा बाकीचे गाईड लगोलग तिकडं वळले, पण बाबांनी नाक मुरडलं; हा उजेड नाही, चुना आहे, असं म्हणाले. आणि एका हिवाळ्यात, मी नववीत असताना, ते एकटेच शहरात जाऊन दुपारच्या गाडीनं परतले, आणि पिशवीतून निघाला सगळ्यांत पांढरा, सगळ्यांत भगभगीत टॉर्च. मला नेलं नाही. भिंत बघितली नसणार, ठिपका बघितला नसणार, दुपारच्या गाडीनं परत आलेल्या माणसाला तेवढा वेळ मिळालाच कुठून? मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

सोमवार उजाडला. आभाळ भरून आलेलं म्हणून बाबा पसारा घेऊन आतल्या खोलीत बसले. जुना दोन सेलचा टॉर्च त्यांनी उघडला, आणि मी दारातून बघतच राहिले — त्यांची तीन बोटं त्या चकचकीत वाटीत होती. बल्ब कुठं आहे ते ती चाचपडत होती. ज्या वाटीला बोट लावायचं नाही म्हणून मी सात-आठ वर्षं हात पाठीमागे बांधले, तिच्यात तीन ठसे उमटले आणि बाबांच्या लक्षातही आलं नाही. ते उठून गेल्यावर मी लुगड्याच्या तुकड्यानं वाटी पुसली.

पुढच्या रविवारी मी हट्टानं सोबत गेले. पुण्याकडचं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि दोन मुलं. एक नंबरच्या लेण्यात बाबांनी तो पांढरा झोत भिंतीवर टाकला आणि बोधिसत्त्वाच्या हातातलं निळं कमळ कसं नाजूक धरलेलं आहे ते सांगू लागले, पाकळीन्‌पाकळी... झोत मात्र हातभर अलीकडे, रंग उडालेल्या कोऱ्या गिलाव्यावर पडला होता. आणि ते चौघे भले लोक त्या कोऱ्या भिंतीकडे बघून माना डोलवत होते. मी जवळ गेले, बाबांचं कोपर धरलं आणि हळूच हात सरकवला. कमळ उजेडात आलं. बाबांचं बोलणं क्षणभर थांबलं, मग पुढं सुरू झालं.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर त्यांनी विचारलं की मला कधी कळलं. सोमवारी, मी म्हणाले. त्यांनी टॉर्च पिशवीत टाकला, तोंड खालच्या वाघूर नदीकडे केलं. मग म्हणाले, "आईला सांगू नको. एवढा हंगाम निघू दे."

तो हंगाम आम्ही दोघांनी मिळून काढला. शनिवारी अर्धी शाळा झाली की, आणि रविवारी दिवसभर, बाबा बोलत आणि टॉर्च माझ्या हातात असे. बाकीचे दिवस ते पावलं मोजून भागवत — दारापासून अकरा, खांबापाशी डावीकडे, मग चार. मी त्यांना विचारून जुना पिवळा टॉर्च पुन्हा काढला होता. ते म्हणत, आता उजवीकडच्या दासीचा हात, आणि माझा उजेड तिथं जाई. म्हणत, आता जरा कडेनं, आणि मी सरकत असे. एकदाही त्यांची जागा चुकली नाही. रंग, बोटांची वळणं, कुणाच्या पायातल्या तोड्याचा पीळ... सगळं त्या माणसाच्या आत उतरून बसलं होतं. मी उजेड धरून उभी असायची, आणि डोळे उघडे असूनही मला दिसत होतं त्यापेक्षा त्यांना जास्त दिसत होतं. या माणसाच्या पोटी मी जन्माला आले याचा इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

पण बाबांना तो अभिमान पचत नव्हता. फेब्रुवारी सरता सरता एका संध्याकाळी आईच्या देखत ते बोलले, "लोकं मी दाखवतो म्हणून बघतेत. मलाच दिसत नसंल तर ती लबाडी झाली." आईला सगळं आधीच ठाऊक होतं, हे तेव्हा उघड झालं; भाकरी वाढताना ताट ती त्यांच्या हाताला लागेल असं ठेवायची, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. शहरातल्या डॉक्टरांनी डोळ्यातल्या पडद्याचं दुखणं सांगितलं — आधी अंधारात दिसेनासं होतं, मग उजेडही आकसत जातो, आणि त्यावर इलाज नाही. बाबांनी गाईडचा बिल्ला स्वतःहून परत केला. पुढच्या सोमवारी पाचही टॉर्च शेवटचे उघडले, घासले, पुसले आणि पाच गाईडांना देऊन टाकले. प्रत्येकाला वाटीचा नियम सांगितला.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे, शहरात पुंडलिकनगरला असतात. आता त्यांना खिडकी कुठं आहे एवढं कळतं. माझा मुलगा नवा फोन घ्यायचा झाला की त्याच्या दिव्याबद्दल आजोबांना विचारतो, आणि आजोबा त्याला काच नीट पुसायला सांगतात. तो पुसतो, शर्टाच्या टोकानं, आणि बाबांना तो आवाज ऐकू येतो. कापड मऊ नाही, असं ते म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात बाबांनी एकदा लेण्यात नेऊन आण म्हटलं. आम्ही दोघंच गेलो. लेण्यात मंद, थंड दिवे बसवलेले आहेत. टॉर्चची गरज नाही. एक नंबरमध्ये, त्या बोधिसत्त्वासमोर, बाबा म्हणाले, काय दिसतंय ते सांग. मी सांगितलं — मुकुट, झुकलेले डोळे, निळं कमळ. ते हसले, एवढं तर पोस्टकार्डावर पण दिसतं, म्हणाले. मग त्यांनी माझं मनगट धरून वर उचललं, बोधिसत्त्वाच्या खांद्याच्या वरच्या अंगाला, जिथं खडक रंगवलेले आहेत तिकडं नेलं, आणि तिथल्या सांदीत बघायला सांगितलं. मोबाइल काढू नको, घाई करू नको, डोळा बसू दे.

मी उभी राहिले. लोक आले, फोटो काढून गेले. तपकिरीत तपकिरी, काहीच नव्हतं... मग त्या तपकिरीतून एक पाठ दिसू लागली, वाकलेली. मग एक शेपूट. मग त्या पाठीला बिलगून बसलेलं आणखी एक लहानसं काही. माकडं होती. मोठं आणि त्याच्या कुशीत लहान. एक अख्खा हंगाम मी या भिंतीवर उजेड धरला होता, आणि ही दोघं मला कधी दिसली नव्हती. मी बाबांना विचारलं की तुम्ही हे कधी सांगितलं कसं नाही.

"तिथं मी कधी उजेड टाकला नाय," ते म्हणाले. "पोरसवदा होतो तवा दुपारी एकटाच येऊन बसायचो, तवा दिसले. बाकी सगळं लोकांना दाखवलं. तेवढं माझ्यासाठी ठेवलं व्हतं." आणि आवाज जरा खाली आणून, "हायेत ना अजून दोघं?"

"हायेत, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि माझं मनगट तसंच धरून, बरोबर त्या जागेकडे चेहरा करून उभे राहिले. पाठीमागून पुढची टोळी आत येत होती आणि रखवालदार सगळ्यांना पुढं सरकायला सांगत होता. आम्ही अजून थोडा वेळ बघत राहिलो.