लिफ्टवाल्यांच्या शब्दांत

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात फोन उचलायच्या त्या मावशी. लिफ्ट अडली की मेकॅनिक फोन करी, मावशी कपाटातून जाडजूड माहितीपुस्तक काढून हवं ते पान वाचून दाखवत.

पुढे पुस्तकं कंप्युटरवर गेली. शोधाची सोय मावशींच्याच सुनेनं केली. कंप्युटर प्रोग्रॅम लिहिणं हाच तिचा व्यवसाय. मालक खूश झाले, पण सगळ्यांत जुने मेकॅनिक तात्या तणतणत आले.

"मावशी, 'दार अडकतं' टाकलं तर काहीच येत नाही. नुसतं 'दार' टाकलं तर ढीगभर पुस्तकांची नावं. लिफ्टच्या टपावर बसून मी पारायण करू काय?"

रात्री जेवताना मावशींनी हे सांगितलं, तेव्हा सुनेचा घास हातातच राहिला.

"आई, चुकलंच माझं. जागा वाचावी म्हणून कुठला शब्द कुठल्या पुस्तकात, एवढंच साठवलं. शोधात मजकूर ठेवलाच नाही."

"मग ठेव की."

"ठेवते, पानापानानं. पण 'अडकतं'चं काय? पुस्तकात 'द्वार-अवरोध' आहे."

"ते माझ्यावर सोड."

मग सुट्टीच्या दिवशी दोघी चहा घेऊन बसू लागल्या. मावशी सांगत, सून टाइप करी. द्वार-अवरोध म्हणजे दार अडकतं, दार खातं. कंपन म्हणजे लिफ्ट थरथरते, नाचते.

"आणि हे 'लिफ्ट रुसली' कुणी टाकलंय?"

"ते तात्यांचं. वीज गेलेली असते, त्यांच्या लक्षात येत नाही. मेन स्विचचं पान दाखव."

सून हसून लोळायची बाकी राहिली.

थोड्याच दिवसांत एका दवाखान्यात रुग्णाच्या ट्रॉलीसकट लिफ्ट अडली. आत नर्सबाई रुग्णाला धीर देत होत्या. तात्यांनी मोबाइलवर 'दार खातंय' टाकलं. नेमका परिच्छेद समोर आला. खटका सोडवला, दार उघडलं, ट्रॉली बाहेर आली.

"तुमची सून भारी आहे," तात्यांनी फोनवर सांगितलं.

"निवड कुणाची?" मावशी म्हणाल्या.

त्यानंतर फोन कमी झाले. सुरुवातीला मावशींना चुकल्या-चुकल्यासारखं वाटे. मग मालकांनी त्यांना नवं काम दिलं: मेकॅनिकांनी टाकलेल्या ज्या शब्दांना काहीच सापडलं नाही, ते रोज वाचायचे आणि योग्य पानाला जोडायचे. मावशी त्यात रमल्या. कोण कुठे अडलंय, ते बसल्या जागी कळे.

एकदा त्यात कुणीतरी टाकलेलं दिसलं: 'मावशींना विचारा'. ते कुठल्या पानाला जोडायचं, मावशींना कळेना. सुनेनं त्याला ऑफिसचा फोन नंबर जोडून टाकला.