चूलबंद आमंत्रणाचं अ‍ॅप

मी एक अ‍ॅप बनवलं, आणि माझ्याच मुलीच्या हळदीला अख्खं गाव घरून जेवण घेऊन आलं.

कोडिंग मला येत नाही. (टीव्हीचा रिमोटसुद्धा मला ओळख देत नाही!) पण मोबाईलवर एआयला नुसतं तोंडी सांगितलं की ते अ‍ॅप बनवून देतं, हे माझ्या दीपालीने मला एकदा दाखवलं आणि तिथेच घात झाला. तिच्याच हळदीचं आवतण द्यायचं होतं ऐंशी घरांना, आणि माझे गुडघे दोनच.

"आवतण घरी जाऊन द्यायचं असतं, बोटानं न्हाय!" मंदा, म्हणजे आमची बायको, कडाडली. "एकुलत्या एका लेकीची हळद हाय. एक माणूस जरी उपाशी गेला ना, तर रेवदंड्यात तोंड दाखवायची सोय राहायची न्हाय मला!"

"अगं, जग कुठं गेलं आणि तू अजून चुलीपाशी!" असं म्हणून मी पडवीत आलो आणि ऐटीत मोबाईलला सांगितलं, "हळदीच्या आमंत्रणाचं अ‍ॅप कर. दुपारचं जेवण. सगळ्यांना चूलबंद!"

आता चूलबंद म्हणजे आजीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळं घर जेवायला यायचं, त्या दिवशी आपल्या घरची चूल पेटवायचीच नाही. हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं.

"अप्रतिम कल्पना!" एआय म्हणालं. (तीस वर्षांच्या संसारात हे शब्द पहिल्यांदाच कानावर पडले. विरघळलोच!) दोन मिनिटांत अ‍ॅप तयार. झेंडूची तोरणं, 'येतो' आणि 'येत नाही' अशी दोन बटणं, आणि खाली चुलीचं चित्र, त्यावर लाल फुली. चूलबंद! काय डोकं आहे, मी म्हटलं. चित्राखाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी होतं, पण चष्मा आत होता आणि आत मंदाही होती. दिलं ऐंशी घरांना पाठवून!

तासाभरात ऐंशीच्या ऐंशी 'येतो' आले. मी मंदापुढे मोबाईल नाचवला. "बघ, एक पायरी न चढता!"

हळदीच्या दिवशी मागल्या परड्यात आचाऱ्याचे टोप रटरटत होते. पुढच्या दारी पहिल्या आल्या पलीकडच्या आळीतल्या काशीवैनी, पदराखाली पातेलं झाकून. "भावजी, सिलिंडर संपला तर सांगायचं न्हाय काय? आमी काय परकी हाव?"

मला काही कळेना. तोवर भाकऱ्यांची दुरडी आली, मग बोंबलांचं कालवण, मग आणखी एक कालवण. (विचारून कुणाची लाज कशाला काढा, म्हणून आधी कुणी फोनही केला नव्हता.) माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवत, "व्हतं असं, भाऊ," म्हणत पुढे जात होती. एकाने तर हळूच विचारलं, "लग्न तरी हाय ना?"

शेवटी माणगावहून मंदाचा भाऊ टेम्पो घेऊन आला. टेम्पोत दोन भरलेले सिलिंडर आणि एक भलीमोठी शेगडी! उतरतानाच ओरडला, "दाजी! माझ्या भाचीच्या हळदीला चूल बंद? मामा मेला होता काय?"

दीपालीने हळदीच्या हातांनीच माझा मोबाईल ओढून घेतला आणि मोठ्याने वाचलं, "महत्त्वाची सूचना. यजमानांची चूल बंद असल्यामुळे पाहुण्यांनी जेवणाची सोय स्वतः करावी."

"बाबा, तुमच्या चूलबंदचा मोबाईलने हा अर्थ लावला!" मंदाचे डोळे भरून आले. समुद्र जवळच आहे, चालत निघावं, असं मला मनापासून वाटलं. एवढ्यात काशीवैनींना हसू फुटलं. "आणि आमी येडी सकाळपासून भाकऱ्या थापताव!" मग सगळा मांडव हसला, आणि डोळे पुसत पुसत मंदासुद्धा. आमचं जेवण गावाने खाल्लं, गावाचं आम्ही. उपाशी कुणी गेलं नाही, उलट पंगतीतून कुणाला उठता येईना. मला तर मंदाने स्वतःच्या हाताने वाढलं, पण नजर मात्र शेगडीसारखी पेटलेली!

आता गावातलं कुठलंही आवतण ऐंशी पायऱ्या चढून का होईना, घरी येऊनच दिलं जातं. आणि आमच्या दारात आलेला माणूस निघताना मुद्दाम मागे वळून सांगतो, "सगळ्यांनी या, चूलबंद! आणि भाऊ, तुमचा मोबाईलपण बंद!"