घरातल्या घरात टपाल

सांगली-मिरजेच्या टापूत जे जे काही बिघडतं ते आपल्या हातून दुरुस्त व्हावं म्हणूनच बिघडतं, याबद्दल माझ्या मावशीच्या यजमानांना तिळमात्र शंका नव्हती. सांगलीत नोकरी लागल्यावर मी त्यांच्याच घरी राहायला गेले. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस, पण पंखा बंद पडला की आधी मेन स्विच, मग मीटर, मग थेट विजेच्या खांबापर्यंत जाऊन यायचा. "काका, बटण चालू आहे का बघितलंत?" असं विचारलं की चष्म्यावरून असे बघायचे की विचारायची सोय नाही! बटण बहुतेक वेळा बंदच असायचं. ते गुपचूप दाबून "लूज कनेक्शन होतं" म्हणत मोकळे व्हायचे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला आणि मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स नावाची कार्यप्रणाली घातली. इंटरनेट आमच्या गल्लीत अजून कुणी पाहिलं नव्हतं. पण एकाच यंत्रातल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पत्र पाठवता येतं म्हणे! लगेच एक खातं यांचं, एक मावशीचं. दुपारी तिने त्या खुर्चीत बसून लिहायचं, संध्याकाळी यांनी त्याच खुर्चीत बसून वाचायचं. दूध घालायला येणारे गवळीमामा थक्क झाले. "आवं सर, बाई सैपाकघरात हायत न्हवं? मग टपाल कशाला? हाक मारा की!" त्यावर काका शांतपणे म्हणाले, "हाकेची नोंद राहत नाही, मामा."

गंमत म्हणून चाललेला हा उद्योग एका वर्षी एकदम गरजेचा झाला. दसरा झाला आणि मावशीच्या घशात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, सुटलो. पण "आम्ही सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही," असं डॉक्टरांनी बजावलं. आवाज परत येईल का, कितपत येईल, ते तेव्हाच कळणार होतं. शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळणारी, गल्लीभर खबर ठेवणारी माझी मावशी नुसती मान हलवत घरात फिरायची. मला बघवायचं नाही. "मनात असेल ते कॉम्प्युटरवर लिही, मी रोज वाचीन," काका म्हणाले. ती दुपारभर एका बोटाने टाइप करत बसायची.

आणि काकांना एक पत्र मिळेल तर शपथ! रोज संध्याकाळी यायचे, चपलांसकट कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि उतरलेल्या चेहऱ्याने उठायचे. तिला विचारायचं तर नाव नाही. "तिला लिहायचं नसेल. रागावली असेल," मला म्हणायचे. तिकडे उत्तर येत नाही म्हणून मावशी फुगलेली. शेवटी मीच म्हटलं, "अहो काका, ती लिहिते! तुमच्या यंत्रालाच काहीतरी झालंय." झालं! अंगात वारं शिरलं. खाती तपासली, परवानग्या तपासल्या, डिस्क भरली का बघितलं, स्वतःच स्वतःला पत्र धाडलं. तेही गडप. "काका," मी भीत भीत विचारलं, "मध्ये कधी काही बंद केलं होतंत का?" चष्म्यावरून बघायला लागले, आणि तसेच थांबले.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा, आणि त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. काका याबाबतीत इतके कडक की कात्री चालत नाही म्हणून मावशीला शेवयांचं पाकीट दातांनी फाडावं लागायचं. त्या वर्षी कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ घातली होती. पत्रं वाटणारा प्रोग्रॅम म्हणजेही हत्यारच की! म्हणून काकांनी त्याला हुकूम दिला होता, येतील ती पत्रं रांगेत ठेव, वाटू नकोस. दुसऱ्या दिवशी कात्री सुटली, पक्कड सुटली. हा बिचारा मात्र हुकूम पाळत बसला होता.

हुकूम मागे घेतला तशी रांगेतली सगळी पत्रं धडाधड आत आली. पहिलं मलाही दिसलं. 'कुणाला सांगत नाही, पण मला फार भीती वाटते. आवाज आलाच नाही तर वर्गात पोरांना हाका कशा मारू? तुमच्याशी भांडू कशी?' पुढची मी वाचली नाहीत. काका वाचत होते आणि चष्मा पुसत होते. मग उठून स्वयंपाकघरात गेले. मावशी मेथी निवडत होती. "चूक माझी आहे," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. तिच्याशेजारी खाली बसून म्हणाले, "तू बोलेपर्यंत घरात मीही बोलणार नाही."

आणि खरंच गप्प झाले की हो! कॉलेजात शिकवायचं तेवढं शिकवायचे, उंबरठ्याच्या आत आले की मुके. दोघं आळीपाळीने त्या खुर्चीत बसायची, वाचून हसायची, डोळे टिपायची. गवळीमामांशी, शेजाऱ्यांशी, सगळ्या जगाशी बोलायला उरले मी एकटी. वैताग आला होता, खरं सांगते. आणि त्या दोघांचा हेवाही वाटायचा.

डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा मीही मिरजेला गेले होते. "हं, बोला आता काहीतरी. हळू," डॉक्टर म्हणाले. काका फरशीकडे बघत उभे होते. तिच्याकडे बघायचा त्यांना धीर होईना. मावशीने त्यांचा हात धरला आणि घोगऱ्या, फाटक्या, पण तिच्याच आवाजात म्हणाली, "अहो, बोला आता."

काकांच्या तोंडून काही केल्या शब्द फुटेना.