कोतात्सुवरची गोधडी

मेघनाचा फोन आला तेव्हा मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणलेले बांगडे साफ करत होते. हात माशांचे, म्हणून स्पीकरवर घेतला. "मावशी, आई अंघोळीला गेली आणि..." एवढंच बोलली ती. बाकीचं तिच्या नवऱ्याने सांगितलं. माझी थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची ताई, लेकीकडे जपानला हिवाळाभर राहायला गेली होती. फोन बंद झाल्यावरही मी कितीतरी वेळ एकच बांगडा धूत बसले.

रत्नागिरीच्या माणसाला थंडी ती काय ठाऊक? पौषात पहाटे शाल ओढली की झालं. ताई तिथे पोचली आणि व्हिडिओ कॉलवर हसत सुटली. "अगो, हे लोक घर तापवत नाहीत, टेबल तापवतात!" बुटकं टेबल, खाली हीटर, वरून दुलई. कोतात्सु म्हणतात त्याला. सगळे त्यात पाय घालून बसतात, तिथेच जेवतात, तिथेच पेंगतात. तिथून उठलं की मात्र बाकीचं घर गारठलेलं. ताईला नुसती विकतची दुलई पसंत पडेना. नेलेल्या जुन्या सुती साड्या जोडून तिने टेबलाच्या मापाची चौकोनी गोधडी शिवली आणि दुलईखाली घातली. आत नातवाचे पाय तिच्या पायांना लागायचे, त्यातच ती खूश होती.

एका बाबतीत मात्र तिने कोणाचं ऐकलं नाही. तिकडे अंघोळ रात्री... टबातल्या कढत पाण्यात शेकायचं आणि ऊब अंगात आहे तोवर पांघरुणात शिरायचं. ताईला ते पटेना. "पारोशी स्वयंपाकघरात शिरू काय मी? ह्या वयात?" अंघोळ केल्याशिवाय शेगडीला हात लावायचा नाही, हे आमच्या आईचं वळण, आम्हा दोघींच्या अंगात मुरलेलं. मेघनाने परोपरीने समजावलं. तरी पहाटे उबदार अंथरुणातून उठून ताई त्या गार न्हाणीघरात जातच राहिली, आणि एका पहाटे तिथेच कोसळली. असं एकदम उबेतून गारठ्यात गेल्याने रक्तदाब बिघडतो, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मला अजून तिचा राग येतो. एवढा कसला गो हट्ट?... आणि राग आला की रडू आवरत नाही.

अस्थी घेऊन मेघना आली, सोबत ती गोधडी. भर उकाड्यात पंख्याखाली ती मांडीवर घेऊन बसली होती. "मावशी, मी न्हाणीघराला कुलूपच घालायला हवं होतं गो. माझंच चुकलं." तिचं नाही म्हटलं तर ताईचं ठरतं, ताईचं म्हटलं तर आमच्या आईचं, आणि माझंही. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. केस विस्कटलेले, गोधडी खांद्यावर. "चहा ठेवला असता मावशी, पण अजून पारोशी आहे..." ताईच्या हाताखाली वाढलेली पोर, पाऊल आत पडेना. मी नुकती उठून अंघोळीला निघाले होते. हातातला टॉवेल तिथेच खुर्चीवर टाकला आणि जन्मात पहिल्यांदा तशीच आत शिरले.

"ये गो," म्हटलं, "आधी चहा घेऊ."