सोमवारचा भोंगा

धरणाचे दरवाजे उघडण्याआधी भोंगा वाजवतात, म्हणजे पाणी आमच्या घाटावर पोचेपर्यंत माणसं वर येतात. दर सोमवारी सकाळी दहाला मात्र तो नुसता चाचणीसाठी वाजतो. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कुणी मान वर करत नाही. मीही खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून तसाच बसून राहतो.

गेल्या सोमवारी भोंगा वाजला, तशा धुणं धुणाऱ्या कलामावशी ओले कपडे दगडावर टाकून उठल्या आणि गुडघ्यावर हात ठेवत थेट वरच्या पारापर्यंत चढल्या.

"मावशी, चाचणी आहे ती," मी खालून म्हणालो.

"ठाऊक आहे. त्यांनी त्यांचा भोंगा तपासला, मी माझे पाय तपासले."

दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. भोंगा ओरडू शकतो, पण कुणाला उचलून वर नेऊ शकत नाही. आणि खरा वाजेल तेव्हाही त्याचा आवाज हाच असेल. बसून राहायची सवय आम्ही दर सोमवारी स्वतःला लावत होतो.

आज भोंगा वाजला आणि मी उठलो. घाटावरचे दोघे-तिघे हसले. पारावर मावशींनी सरकून जागा दिली.