पाण्यावरचे सोमवार

माझ्या लेकीला कोरियन गाणाऱ्या मुलींच्या एका गटाचं वेड लागलं तेव्हा ती नुकतीच दहावीची परीक्षा देऊन रिकामी झाली होती. कपाटाच्या आतल्या बाजूनं तिनं त्यांचे फोटो चिकटवले होते. सासूबाई त्यांना ‘चिनी पोरी’ म्हणायच्या, आणि लेक दर वेळी पाय आपटायची. “चिनी न्हाईत आजी, कोरियन हायत!” मी मध्ये पडायची नाही. सोनपेठमध्ये या वयाच्या पोरींच्या आया ज्या गोष्टींना घाबरतात, त्यांच्यापुढं गाणी परवडली, असा माझा हिशोब होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मिस्टरांचं भांड्यांचं दुकान. दिवसभर घरात लेक, सासूबाई आणि फोन.

या गाण्यांच्या नादात फोनवर तिला एक मैत्रीण मिळाली. फिलिपिन्सची, तिच्याच वयाची, कुठल्याशा बेटावरच्या गावात मावशीकडं राहणारी. तिची आई आखाती देशात लोकांच्या घरी झाडूपोछा करते, हे लेकीनंच मला सांगितलं. तिकडं या गाण्यांचं खूळ आपल्यापेक्षा दसपट. शाळेतल्या पोरी टोळ्या करून, सारखे कपडे शिवून मॉलमध्ये नाचाच्या स्पर्धा लावतात. गाणारणीचा वाढदिवस आला की वर्गणी काढून बाजारात तिचा मोठा बॅनर लावतात. लेक हे डोळे मोठे करून सांगत होती. मी म्हटलं, “त्यात काय, आपल्या चौकात तर रोजच कुण्या ना कुण्या भाऊंचा वाढदिवस असतो.” ती पोट धरून हसली. तेव्हा ती पुष्कळ हसायची.

त्या उन्हाळ्यात चार गावच्या चार मुलींनी आपापल्या घरी एकच नाच करायचा आणि तो जोडून व्हिडिओ करायचा, असं त्यांचं ठरलं. आमची लेक गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया बाजूला सारून नाचली. व्हिडिओ बऱ्याच लोकांनी पाहिला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘ती तिसरी जाडी कोण? तिला काढा, मग बघण्यासारखं होईल.’ तिसरी म्हणजे आमची लेक. हे सगळं मला फार उशिरा कळलं. मला तेव्हा एवढंच माहीत होतं की आषाढ संपता संपता ती सासूबाईंजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, “आजी, औंदा मी बी सोमवार धरू का?”

आमचं घर लिंगायत. सासूबाईंच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि सोमवार म्हणजे घरातला मोठा वार. नातीच्या तोंडून हे ऐकून त्यांना आभाळ ठेंगणं झालं. फोनमध्ये बुडालेलं लेकरू आपण होऊन देवाकडं वळलं म्हणून मलाही बरं वाटलं. श्रावणात धरलेले सोमवार तिनं सोळापर्यंत न्यायचे ठरवले. मग त्यात प्रदोष आला, मग गुरुवार. साबुदाणा नको, भगर नको, शेंगदाण्याचा लाडू नको. सगळं पाण्यावर. उपास नसेल त्या दिवशीही अर्धी भाकरी झाली की उठायची आणि म्हणायची, “आता सवय ऱ्हायली न्हाई.” सासूबाई शेजारच्या बायकांना सांगायच्या, “आमच्या काळात बी असा कडक उपास कुनी केला न्हाई. लय गुणाचं लेकरू हाय.”

आमच्या घरात एक रीत आहे. ज्यानं नेम धरला त्याला खाण्याचा आग्रह करायचा नाही. उपास मोडणाऱ्यापेक्षा मोडायला लावणाऱ्याला जास्त पाप, असं मानतात. कार्तिकात एकदा तिचा चेहरा फारच उतरलेला दिसला म्हणून मी शेवयांच्या खिरीची वाटी घेऊन तिच्याजवळ गेले. सासूबाईंनी माझा हात धरला. “तिचा नेम हाय. तू कशाला पापाची धनी व्हायलीस?” मी वाटी परत नेली आणि ओट्यापाशी उभी राहून स्वतःच खाल्ली.

शाळेत मी फुशारक्या मारत होते. आजकालच्या पोरी कशा वाया गेल्या याच्या गप्पा निघाल्या की मी हळूच लेकीचे सोमवार काढायची. एक बाई म्हणाल्या, “लय बारीक झाली की हो ती.” मी म्हटलं, “तेज आलंय.” याच शाळेत मी पोरांची वजनं घेते, आणि एखादी पोर हाडकुळी निघाली की तिच्या आईला बोलावून झाडते. रोजानं कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांना मी याच तोंडानं म्हटलेलं आहे, “पोरीच्या जेवणाकडं लक्ष नाही का तुमचं?”

आता सगळ्यात लाजेची गोष्ट. सोळा सोमवारांत पाळी आली तर तो सोमवार धरत नाहीत, पुढं एक वाढवतात. खरं तर आमच्या पंथात विटाळ पाळायचा नाही असंच सांगितलंय, पण आमच्या घरात पाळतात. लेकीचा एकही सोमवार बाद झाला नाही. सासूबाई म्हणाल्या, “महादेवाच्याच मनात हाय.” मी सातवीला विज्ञान शिकवते. कपाटातलं पॅडचं पाकीट तीन महिने तसंच पडलेलं मी रोज पाहत होते. आणि मीसुद्धा मनात हात जोडले. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

सतराव्या सोमवारी उद्यापन होतं. जंगम स्वामींची पाद्यपूजा झाली, पंगत बसली. लेक नवी साडी नेसून चुरमा वाढत होती. तिसऱ्या पानापाशी तिच्या हातातली परात सुटली आणि ती पानांवरच आडवी झाली. कुणी पाणी आणायच्या आधी एक बाई म्हणाली, “अंगात आलं जनू!” कुणीतरी धावत जाऊन विभूती आणली आणि तिच्या कपाळाला फासली. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मी पण क्षणभर तशीच उभी राहिले, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मग तिच्या हाताला हात लागला, तो गार होता. मिस्टरांनी तिला उचललं आणि आम्ही गाडी करून परभणी गाठली.

डॉक्टर बाईंनी तिला काट्यावर उभं केलं, दोघी नर्सनी धरून. आकडा मला ओळखीचा होता, माझ्या सहावीतल्या पोरींचा असतो तो. शेवटची पाळी कधी आली, त्यांनी विचारलं. ‘महादेवाच्याच मनात’ असं माझ्या तोंडात आलं होतं, ते गिळून मी म्हटलं, “तीन महिने तरी झाले.” रक्तातले क्षार उतरले होते, काळीज फार सावकाश चालत होतं. पहिली रात्र निघाली तर बघू, असं त्या म्हणाल्या.

रात्र निघाली. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन माझ्या पर्समध्ये सारखा थरथरत होता. तिकडची ती मैत्रीण. माझं डोकं फिरलं. हे सगळं हिनंच शिकवलं, त्या काडीसारख्या बायांचं वेड हिनंच घातलं, याबद्दल मला शंकाच नव्हती. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी लिहिलं, ‘मी तिची आई. माझी मुलगी दवाखान्यात आहे. तू तिला मारलंस.’ उत्तर लगेच आलं. ‘ती जिवंत आहे का?’ परत तेच. परत तेच. मी हो म्हटलं. मग आलं, ‘कृपा करून आमचं आधीचं बोलणं वाचा.’

वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून मी वाचलं. ती पोर रोज विचारत होती, जेवलीस का. ताटाचा फोटो पाठव. त्या कमेंटवाल्याला मी शिव्या घातल्यात, तू विसर. आमच्या टोळीतल्या एकीनं असंच केलं, आता तिला जिना चढवत नाही, तू करू नकोस. महिनोन्‌महिने हेच. श्रावणानंतर तिनं लिहिलं होतं, ‘आईला सांग. माझी आई समुद्रापलीकडून रोज विचारते जेवलीस का. तुझी तर घरातच आहे.’

त्याखाली माझ्या लेकीचं उत्तर होतं. ‘आईला माहीत आहे. मी जेवले नाही की आमच्या घरात सगळे खूश होतात. एवढे खूश ते माझ्यावर कधीच नव्हते.’

माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून मी ते तीनदा वाचलं. तीनदा तेच निघालं.

अकराव्या दिवशी तिला घरी आणलं. खाण्याची यादी दिली होती, गोळ्या होत्या. पण भूक नावाची गोष्ट तिच्यातून निघूनच गेली होती. समोर बसलं तर चार घास, पाठ फिरली की भाकरीचे तुकडे कधी दप्तरात, कधी उशीच्या अभ्र्यात. वजनाचा काटा पुन्हा खाली सरकायला लागला. पुन्हा पडली तर सांगता येत नाही, असं डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मी शाळेत रजा टाकली आणि तिच्या ताटापुढं पहारा करायला बसले.

एका दुपारी वरण-भाकरी होती. ती बोटानं वरणात रेघा ओढत होती. माझा पारा चढला. “खा म्हणते ना! किती दिवस छळणार आहेस?”

तिनं मान वर केली. “तू जेवलीस?”

“माझं राहू दे.”

“सकाळपासून काहीच न्हाई खाल्लं तू. मी बघायलेय.”

“माझा सोमवार आहे आज,” मी म्हटलं. दवाखान्यातल्या त्या पहिल्या रात्री मी महादेवाला बोलले होते. पोर वाचू दे, मी सोळा करीन. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं. “तू बरी व्हावीस म्हणून धरलेत.”

ती माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर. लहान लेकराकडं बघावं तसं बघत होती. “म्हंजे मी खावं म्हणून तू उपाशी राहायलीस?”

मी उठले, ताट घेतलं, वाढलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “अगं, देवाला बोललेलं हाय. मोडू नको.” लग्नाला वीस वर्षं झाली, मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. भाकरी वरणात कुस्करली आणि घास तोंडात घातला. लेक माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होती, जशी मी रोज तिच्या तोंडाकडं बघते.

तिनं आपल्या भाकरीचा एक तुकडा मोडून हातात धरला. “तू संपव आधी,” ती म्हणाली.

मी अख्खं ताट संपवलं. तुकडा तिच्या हातातच होता.