सिस्टर कमलबाईंनी तोडलेलं कुलूप

सिस्टर कमलबाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, हे या गौरवग्रंथात लिहायला मला मुळीच संकोच नाही. नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. परभणी जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी औषधांचं भांडार सांभाळत होतो. बाई तातडीच्या विभागात मुख्य परिचारिका म्हणून रुजू झाल्या आणि आठवडाभरात हातात खडू घेऊन माझ्या मागे फिरू लागल्या.

"भाऊ, एक पेशंट आला की सलाईनसाठी आपण किती खोल्या हिंडतो, मोजलंय का कधी?"

"मी औषध द्यायला हाय सिस्टर, पावलं मोजायला न्हाई!" मी फणकारलो.

बाई हसल्या आणि मोजत राहिल्या. मग त्यांनी मोडकी स्ट्रेचरं बाहेर काढली. सलाईन, सुया, पट्ट्या खाटेच्या हाताशी आणल्या आणि प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखली. दोनच बाटल्या उरल्या की लाल चिठ्ठी माझ्या टेबलावर येई. केसपेपर उपचारानंतर. बाहेर आडनावावरून माणसं जोखली जात होती, पण बाईंच्या खोलीत आधी नाडी, मग नाव.

एका बाबतीत मात्र मी हटलो नाही. सापाची लस मोजकीच यायची, म्हणून ती भांडारातल्या कपाटात कुलपात, आणि किल्ली माझ्या कमरेला. बाई ते कपाट आपल्या खोलीत मागत. "जबाबदारी कुणाची?" म्हणून मी उडवून लावी. खरं सांगतो, त्या किल्लीने मला उगीच साहेब झाल्यासारखं वाटे.

एका दुपारी मी किल्लीसकट घरी जेवायला गेलो. परतलो तर कुलूप जमिनीवर, शेजारी सलाईनचा वाकलेला स्टँड. तणतणतच बाईंच्या खोलीत शिरलो. खाटेवर माझ्या थोरल्या वहिनी होत्या. आईमागे मला त्यांनीच वाढवलं. चारठाण्याच्या शिवारात कापूस वेचताना त्यांना साप चावला होता. लस चढत होती आणि बाईंचा हात वहिनींच्या नाडीवर होता. त्या माझ्या कोण, हे बाईंना ठाऊकही नव्हतं.

"अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. चौकशी झाली तेव्हा "कुलूप मी तोडले" एवढंच त्यांनी लिहून दिलं. माझ्या किल्लीचं नावही काढलं नाही. मला फार लाज वाटली.

वहिनी घरी गेल्या त्या दिवशी मीच दोघांना हाताशी घेऊन ते कपाट बाईंच्या खोलीत नेलं. "कुठं ठेवू, बाई?" विचारलं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. भिंतीपाशी कपाटाएवढी चौकट आखलेली होती. खडू पुसट झाला होता, इतक्या दिवसांची ती जागा माझी वाट बघत होती.

बाईंना आज पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, असं मी म्हणणारच. पण वहिनींनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो, "बाईला म्हनावं, तुमी वाचवलेली मी अजून धडधाकट हाय. माज्या आदी तुमी म्हातारं व्हायचं न्हाई!"